टर्बोची हवापालट

टर्बो गाडीतला कंपनीचा एअर फिल्टरचा डबा काढून त्याजागी बाजारातला शंकूसारखा फिल्टर आणि चकचकीत पाइप बसवणे, याला गॅरेजच्या भाषेत इंटेक बसवणे म्हणतात. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत या क्रियेचा संबंध पिकाच्या पट्टीशी असतो. 2023 च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या 20 किलोच्या क्रेटने दोन हजार रुपये ओलांडले होते. असा पैसा आधी सोसायटीच्या कर्जात, मग बोअरमध्ये, मग सोन्यात जातो आणि तरीही उरला तर बॉनेटखाली शिरतो.

टर्बोची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांची. त्यांचे पेटंट 1905 सालचे. इंजिनातून वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची, एवढेच ते यंत्र. त्याचे फेरे मिनिटाला लाखाच्या वर जातात. दोन लिटरचे साधे इंजिन 3000 फेऱ्यांना मिनिटाला जास्तीत जास्त 3000 लिटर हवा ओढते. एक बार दाबाचा टर्बो ती जवळपास दुप्पट करतो. म्हणजे 10 हजार लिटरचा पाण्याचा टँकर हवेने भरून दिला, तर गाडी तो दोन मिनिटांत संपवते. जुन्नर समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंच असल्याने तिथली हवा किंचित विरळ असते. टर्बो थोडा जास्त फिरून ती तूट भरून काढतो आणि त्याबद्दल कोणाकडे तक्रार करत नाही.

इंटेकचा दावा असा की नळी मोकळी झाली की हवा जास्त जाईल आणि ताकद वाढेल. प्रत्यक्षात टर्बोने किती दाब द्यायचा हे गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. ठरलेला दाब भरला की तो टर्बोला आवर घालतो. आचाऱ्याने भाताचे माप आधीच ठरवले असेल, तर वाढपी वाढवून पंगतीला जास्त भात मिळत नाही. आचाऱ्याचे मन वळवायला रिमॅप (ईसीयूतल्या आकड्यांची फेरमांडणी) लागतो, आणि त्याचे पैसे वेगळे.

दुसरा मुद्दा उष्णतेचा. गरम हवा विरळ असते, म्हणून कंपनी हवेचे तोंड पुढे, थंड बाजूला ठेवते. हे तत्त्व या भागात नवे नाही. कांदाचाळ बांधताना शेतकरी वाऱ्याची दिशा पाहतो, तळाला फट सोडतो, बाजूंना पट्ट्या मारतो; कांद्याला गार, खेळती हवा मिळालीच पाहिजे. तोच शेतकरी गाडीत मात्र फिल्टर तापलेल्या इंजिनाशेजारी उघडा टांगून घेतो.

बसवण्याची कृती सोपी आहे. दहा नंबरच्या पान्याने डबा सुटतो. एक बोल्ट इंजिनाच्या खाली पडतो आणि तिथेच राहतो. हवा मोजणारा सेन्सर जुन्या नळीतून काढून नव्या पाइपात बसवावा लागतो. त्यात केसासारखी बारीक तापती तार किंवा पातळ पट्टी असते. नव्या फिल्टरच्या सुती जाळीला तेलाचा पुसट हात पुरतो. मिस्त्री ते वांग्याच्या भरतावर सोडावे तसे सोडतो. जास्तीचे तेल हवेबरोबर सेन्सरवर जाऊन बसते, सेन्सर खोटे आकडे सांगू लागतो आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. मालक त्याला नव्या पार्टची लाइट समजतो.

चाचणी मंचरच्या बायपासला होते. मोजमाप बैलगाडा शर्यतीच्या घाटाच्या पद्धतीने: बारी किती सेकंदांत बसली? घड्याळ मित्राच्या हातात असल्याने ती नेहमी कमीच सेकंदांत बसते. खरा फरक पडतो तो आवाजात. पूर्वी डब्यात कोंडलेली शिट्टी आणि पाय उचलताच येणारे फुस्स आता वेशीपासून ऐकू येते. घरी प्रतिक्रिया ठरलेली असते.

"आरं, हवा गळतीय कुठंतरी. पंक्चरवाल्याकडं ने आधी."

"आबा, टर्बोचा आवाज हाये तो."

"मग झाकण लाव की त्याला."

तांत्रिकदृष्ट्या आबांचे बरोबर असते. मूळ डबा म्हणजे तेच झाकण.

त्या झाकणाचे काम हंगामात कळते. भीमाशंकर आणि विघ्नहर साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची धूळ आणि हवेत पेटवलेल्या पाचटाची काजळी असते. धूळ गाळण्यात कंपनीचा साधा, घड्यांचा कागदी फिल्टर सहसा सरस ठरतो. निसटलेला कण आधी टर्बोच्या पात्यांवर आदळतो, मग पिस्टनच्या रिंगा घासतो. पावसाळ्यात माळशेज घाटात धबधबे थेट रस्त्यावर उतरतात. गार हवेसाठी फिल्टर बंपरमागे खाली नेला असेल, तर साचलेल्या पाण्यात तो पाणी ओढतो. पाणी दाबले जात नाही; मग कनेक्टिंग रॉड वाकतो. मिस्त्री याला गाडीने पाणी पिले म्हणतात, विमा कंपनी आधी फोटो मागते.

मोटार वाहन कायद्याचे कलम 52 नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत फेरफाराला मनाई करते. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. फिल्टर त्यात मोडतो का, यावर वकील वाद घालू शकतात. नाक्यावरचा हवालदार फक्त आवाज ऐकतो.

शेवटची पायरी उतरवण्याची. वॉरंटीचे काम निघाले किंवा गाडी विकायची ठरली, की कांदाचाळीच्या माळ्यावर ठेवलेला मूळ डबा झटकून पुन्हा बसवला जातो. एक बोल्ट कमी भरतो, तिथे बाइंडिंग तार लागते. इंटेक पुढच्या मित्राला अर्ध्या किमतीत जातो, आणि गाडीच्या जाहिरातीत लिहिले जाते: कंपनी कंडिशन, कुठेही हात लावलेला नाही.