बोगद्याला पेन्शन

चाळीसगावच्या माणसाला बोगदा भेटतो तो कसाऱ्याला. आमच्याकडे रेल्वेला डोंगर फोडायचं कामच पडलं नाही. पाचोऱ्याकडून गाडी येते, नांदगावकडे जाते. इकडे कपाशी, तिकडे कपाशी, आणि सातमाळ्याची रांग दक्षिणेला उभी राहून लांबूनच रेल्वे बघत असते. चाळीसगाव-धुळे हा फाटा १९०० साली सुरू झाला, ५६ किलोमीटरचा. जामदा, राजमाने, शिरूड, बोरविहीर करत पॅसेंजर धुळ्याला टेकते, पण वाटेत बोगदा नाही. या फाट्यावर अंधार पडतो तो फक्त सूर्य मावळल्यावर.

त्यामुळे मुंबईला जाताना इगतपुरी सुटली की आमच्या डब्यात एकदम जिवंतपणा येतो. मनमाडपासून डुलक्या काढणारे सरळ बसतात. पहिला बोगदा आला की पोरं ओरडतात. का ओरडतात ते पोरांना विचारू नये, कारण त्यांचे वडीलही याच घाटात असेच ओरडले होते आणि आता गंभीर चेहऱ्याने 'शांत बसा रे' म्हणत आहेत. खिडकीच्या काचेत बाहेरचा डोंगर जाऊन अचानक आपलाच चेहरा येतो, तोही प्रवासाने सुजलेला. आणि डब्यात कुणीतरी फोनवर असतंच. 'हॅलो... हॅलो... अरे बोगदा आला, बोगदा!' पलीकडच्याला हे ऐकू जाणं शक्य नसतं, तरी सांगायचं. नको असलेला फोन ठेवायला बोगद्यासारखं इभ्रतदार कारण नाही. मी तर भुसावळच्या अलीकडेही एकदोघांना हे कारण देताना ऐकलंय.

मग बोगद्यांच्या मोजणीवरून भांडण. वडील अकरा म्हणतात, आई बारा, धाकट्याचे सतरा झालेले असतात कारण त्याने पूलही धरलेले असतात. १८६५ च्या १ जानेवारीला हा थळ घाट गाड्यांसाठी खुला झाला तेव्हा मूळ मार्गावर १३ बोगदे होते. पुढे रूळ बदलले, मार्गिका वाढल्या, त्यामुळे जातानाचा आकडा येतानाच्या आकड्याशी जुळेलच असं नाही. भांडण मिटायची शक्यता त्यामुळे कायमची संपलेली आहे.

चढाव ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढे जायचं तर एक फूट वर. कागदावर हे काहीच वाटत नाही. पण परतताना कसाऱ्याला गाडी थांबते, मागून जादा इंजिनं येऊन धक्का देत लागतात, चहाचा कप हिंदकळतो आणि त्या एका फुटाची किंमत कळते. १९३० च्या सुमारास घाटात वीज आली. त्याआधी वाफेचं इंजिन बोगद्यात शिरताना खिडक्या लावायची लगबग व्हायची. जो उशीर करी तो पलीकडच्या तोंडाने काळा होऊन बाहेर पडे.

आता मुद्द्यावर येतो. बोगदा नोकरीत असतो तोवर कुणी त्याच्याकडे प्रेमाने बघत नाही. तो निवृत्त झाला की लोक डबे घेऊन त्याला भेटायला जातात. माणसाच्या बाबतीत नेमकं उलट घडतं, हे मी माझ्याच निवृत्तीनंतर शिकलो. पण ते असो.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात स्नोक्वाल्मी नावाचा बोगदा आहे, साडेतीन किलोमीटरहून लांब. १९८० साली त्यातली रेल्वे बंद पडली. आज तिथे लोक सायकली घेऊन येतात, डोक्याला बॅटरी बांधतात, भर उन्हाळ्यात अंगात जाकीट चढवतात आणि मिट्ट काळोखातून पलीकडे जातात. पलीकडे काय आहे? अलीकडे होतं तेच, झाडं आणि डोंगर. पुन्हा काळोखातून परत. थंडीत तो बोगदा बंद ठेवतात, म्हणजे त्याला वार्षिक रजासुद्धा आहे. रेल्वेत असताना मिळाली नसेल.

आपल्याकडे असा मान मिळाला तो बोरघाटातल्या जुन्या मार्गाला. खंडाळ्याच्या खाली, नागफणीच्या समोर, इंग्रजांच्या इंजिनिअरांपुढे डोंगर असा काही आडवा आला की गाडी वळवायला जागाच उरेना. त्यांनी मग गाडी डोंगराच्या सोंडेवर थेट टोकापर्यंत नेली. तिथे थोडी सपाटी करून स्टेशन बांधलं. गाडी तिथे थांबायची, इंजिन पुढून सोडून मागे लावायचं, आणि मागचा डबा पुढचा होऊन गाडी उलट्या तोंडाने उरलेला घाट चढायची. हे रिव्हर्सिंग स्टेशन. जो प्रवासी गाडीच्या दिशेला तोंड करून बसलेला असेल, त्याच्या नशिबी पुढचा घाट पाठमोरा. खिडकीसाठी पहाटेपासून रुमाल टाकून बसलेल्याचं काय होत असेल, या विचाराने आजही माझा जीव हळहळतो. थळ घाटातही अशीच व्यवस्था होती. ती १९१८ साली गेली, बोरघाटातली १९२९ साली. नवे बोगदे पाडून रूळ सरळ वर नेले. पुढच्याच वर्षी दख्खनची राणी धावायला लागली. तिला उलटं चालायला लावण्याची कुणाची हिंमत झाली नसती.

आज त्या भागात पावसाळ्यात ट्रेकर मंडळी फिरतात. पाठीवर सॅक, सॅकेत ठेपले, फोनला प्लॅस्टिकची पिशवी. जुन्या दगडी बांधकामावर शेवाळ, कड्यावरून धबधबे, खाली दरीत ढग. १८६३ मध्ये हा घाट सुरू झाला तेव्हा त्यात २५ बोगदे होते. डायनामाइटचं पेटंट नोबेलने घेतलं १८६७ मध्ये, म्हणजे चार वर्षांनी. तोवर आपल्या माणसांनी हातात पहार आणि घण घेऊन काळ्या कातळात भोकं पाडली होती, त्यांत साधी बंदुकीची दारू ठासली होती आणि वात पेटवून पळाले होते. सह्याद्रीचा हा कातळ असा खमका की पुष्कळ ठिकाणी आतून विटांचं अस्तर न लावताही बोगदा उभा राहतो. पण खमका म्हणजे फोडायलाही खमकाच.

१८६१ मध्ये या एका घाटात ४० हजारांहून जास्त मजूर होते. मजुरी थकली म्हणून १८५९ च्या जानेवारीत इथे दंगाही झाला. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल काम सोडून गेला. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, हिंदुस्थानात पोचून थोड्याच दिवसांत आजाराने वारला. त्याच्या बायकोने, ॲलिसने, बोटीने परत जाण्याऐवजी कंत्राट स्वतःच्या नावावर घेतलं आणि जाणते इंजिनिअर नेमून घाट पुरा करवला. ॲलिसबाईंचं नाव निदान पुस्तकांत आहे. पटकी आणि तापाने जे हजारो मजूर गेले, त्यांची नावं कुठल्याच बोगद्याच्या कमानीवर नाहीत. त्या कमानीखाली उभं राहून 'वाव, काय व्हाइब आहे' म्हणणाऱ्या पोरांना हे कुणी सांगत नाही. सांगितलं तर ती ऐकतात, असा माझा अनुभव आहे. मग त्याचाही रील करतात, पण ऐकतात.

इथे एक भेद पाळायला हवा. निवृत्त बोगद्यात जाणं ही सहल, आणि नोकरीवर असलेल्या बोगद्यात जाणं हा गुन्हा. दूधसागरला जाणाऱ्यांना हा भेद फार दिवस समजत नव्हता. रुळांवरून चालत, बोगदे ओलांडत धबधबा गाठायचा हा शिरस्ताच पडला होता. २०२३ च्या जुलैमध्ये तिथे पोलिसांनी पर्यटकांना रुळांवर उठाबशा काढायला लावल्या आणि तो व्हिडिओ सगळ्या देशाने चवीने पाहिला. धबधब्याच्या पार्श्वभूमीवर इतकी मंडळी एका तालात खाली-वर होताना बघून माझ्या ओळखीच्या एका निवृत्त पीटी मास्तरांचे डोळे पाणावले.

या भेदाला अपवाद एकच, माथेरानचा. आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांच्या मुलाच्या खटपटीतून १९०७ मध्ये नेरळहून ही दोन फुटी रुळांची गाडी निघाली. तिच्या वाटेवर बोगदा एकच. त्याचं नाव 'वन किस टनेल', कारण त्यातून गाडी पार होईपर्यंत तेवढंच उरकतं. हा बोगदा पहिल्या दिवसापासून सहलीच्याच खात्यात भरती झाला, त्याला निवृत्तीची वाट बघावी लागली नाही. आम्ही सहकुटुंब गेलो तेव्हा समोर मेहुणे बसले होते, त्यामुळे बोगद्याच्या लांबीबद्दल मी काही मत देऊ शकत नाही.

बोगद्यांवरून आठवलं. आमच्या चाळीसगावात स्टेशनाजवळच्या बंगल्यात केकी मूस राहायचे, जगभर बक्षिसं मिळवलेले छायाचित्रकार. जन्म १९१२ चा, पंजाब मेल सुरू झाली त्याच सालचा. हा माणूस जवळजवळ ५० वर्षे घराबाहेर फारसा पडला नाही. सांगतात की मुंबईला त्यांचं कुणी एक माणूस होतं, तिने पंजाब मेलने येईन असं वचन दिलं होतं, आणि मूस रोज रात्री ती गाडी येईपर्यंत दिवे लावून, जेवण मांडून वाट बघायचे. खरंखोटं त्यांना ठाऊक. पण घरात बसून त्यांनी टेबलावर हाताला येईल त्या वस्तूंतून डोंगर, बर्फ, वाटा उभ्या केल्या आणि त्यांचे असे फोटो काढले की बघणाऱ्याला थंडी वाजावी. लोक डोंगर बघायला बोगद्यांतून गेले. यांनी टेबल पुसलं आणि डोंगर घरी आणला. पंजाब मेल मात्र त्या तेरा बोगद्यांच्या घाटातूनच चाळीसगावला यायची. उशीर व्हायला तेवढं कारण पुरतं.

तर असं हे बिनबोगद्याचं गाव, आणि आता त्यालाच बोगदा मिळणार आहे म्हणतात. रेल्वेचा नव्हे, रस्त्याचा. चाळीसगावहून कन्नडला चढताना जो घाट लागतो त्याला औट्रम घाट म्हणतात. खानदेशात १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभी करणारा जेम्स औट्रम तो हाच. धुळे-सोलापूर महामार्ग याच घाटातून जातो. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस एका रात्रीत एवढा पाऊस झाला की घाटात दरडी कोसळल्या आणि खाली गावात पुराचं पाणी शिरलं. २०२३ मध्ये हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने अवजड वाहनांना घाट बंद झाला. उपाय काय, तर बोगदा. त्याची चर्चा मी केस काळे असल्यापासून ऐकतोय. आकडे बदलले, लांबी बदलली, खर्च बदलला, सांगणारे मंत्री बदलले. डोंगर तेवढा जागच्या जागी आहे.

ट्रक गेले आणि घाटाला बरे दिवस आले. श्रावणात रविवारी बघा. कठड्यावर रांगेने मोटारसायकली, धबधब्याखाली बनियनवर उभे असलेले काका, छत्री उलटी झालेल्या काकू, आणि एक पोरगा दुसऱ्याला सांगतोय, 'मागे ढग येऊ दे, मग काढ.' म्हणजे आमच्या घाटाने नवा बोगदा व्हायच्या आतच स्वेच्छानिवृत्ती घेतली. बोगदा झाला की हा रस्ता पुरता मोकळा होईल. मग इथे रंगीत अक्षरांचा सेल्फी पॉइंट बसेल हे ठरलेलंच. फक्त 'आय लव्ह'च्या पुढे चाळीसगाव लिहायचं की कन्नड, यावर दोन तालुके, दोन जिल्हे आणि खानदेश-मराठवाडा असे दोन प्रदेश एकमेकांसमोर उभे ठाकतील. सध्या तरी 'आय लव्ह' एवढंच करून घ्यावं.

घाटात एका वळणावर एक कणीसवाला असतो. कोळशावर कणीस फिरवत, पुठ्ठ्याने वारा घालत, लिंबाची फोड तिखटमिठात बुडवून तो ती दाण्यांवर अशी दाबून फिरवतो की एक ओळ सुटत नाही. कणीस घेता घेता मी त्याला विचारलं, 'दादा, उद्या बोगदा झाला, सगळी गर्दी खालून गेली, तर तुमच्या धंद्याचं काय?'

त्याने पुठ्ठा थांबवला नाही. 'भाऊ, अंधारामा कणीस कोन खाई? बोगदामा कोन्ही थांबत नही. ज्यासले घाई शे त्या तठून जातीन, ज्यासले भूक शे त्या आठेच येतीन.'

'आणि घाईवाल्यांना भूक लागली तर?'

'पोऱ्याले बोगदाना तोंडवर बसाडसू,' तो म्हणाला, आणि माझ्या पुढ्यात कणीस धरून वीस रुपयांसाठी हात पुढे केला.

इतक्या वर्षांत या बोगद्याचा एवढा मुद्देसूद प्रकल्प अहवाल मी तरी दुसरा ऐकलेला नाही.