ज्याची खावी थाळी, त्याची वाजवावी टाळी

मिसळ टेबलावर येते. ती खायची नसते. आधी टेबल उजेडाकडे सरकवायचं, मग रिंगलाइट लावायचा, मग वरून तर्री ओतायची. ओतताना नीट दिसली नाही म्हणून आणखी एक वाटी मागवायची. पाव तोडायचा, बुडवायचा, तोंडाशी न्यायचा आणि घास आत जायच्या आधीच डोळे मिटून मान डोलवायची. ‘आई शप्पथ, विषय हार्ड!’

चव लागायच्या आत निकाल. एवढी जलद न्यायव्यवस्था देशात दुसरीकडे कुठे आहे?

तीन टेक होईपर्यंत मिसळ गार होते, फरसाणाचा लगदा होतो आणि साहेब हात पुसत उठतात. गल्ल्याकडे न बघता दाराकडे. बिल? ते तुमच्या-माझ्यासारख्यांना असतं.

हॉटेल टाकायचं तर एफएसएसएआयचा परवाना लागतो, पालिकेचे कागद लागतात आणि आता चार फूड ब्लॉगरांचा आशीर्वादही लागतो. परवान्यासाठी आपल्याला अर्ज करावा लागतो. आशीर्वाद स्वतःच अर्ज करतो. ‘हाय, तुमच्यासोबत कोलॅब करायला आवडेल. चौघं येऊ.’

चौघं कशाला? एक खाणारा, एक कॅमेरा धरणारा, एक लाइट धरणारा. आणि चौथा?

चौथा पार्सल धरणारा.

पैशाची देवघेव नाही, ‘बार्टर’ आहे म्हणे. तुम्ही जेवण द्या, आम्ही रील देतो. फुकट ते पौष्टिक हे ठाऊक होतं. फुकट ते ‘मस्ट ट्राय’ हे नवीन.

बरं, फुकट खाणं हा काही गुन्हा नाही. लग्नाच्या पंगतीत आपण सगळेच फुकट जेवतो. पण तिथे निदान परतताना रिक्षात बसून मठ्ठ्याला नावं ठेवायची मुभा तरी असते. इथे तीही नाही. ज्याची खावी थाळी, त्याची वाजवावी टाळी, आणि तीही पार्श्वसंगीतासह.

यावर नियम नाहीत, असं कुणी समजू नये. नियमांत आपण कधी कमी पडलो आहोत का?

जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन परिषदेने, म्हणजे ‘ॲस्की’ने, २०२१ साली इन्फ्लुएन्सरांसाठी नियम काढले. पैसे, भेटवस्तू, फुकटचा माल, फुकटचा मुक्काम, काहीही घेतलं असेल तर तसं स्पष्ट लिहा. मग केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा बजावलं. सहज नजरेत भरेल असं सांगा, हॅशटॅगांच्या ढिगात पुरू नका, व्हिडिओ असेल तर लिहूनही दाखवा आणि तोंडानेही बोला. दिशाभूल केलीत तर दंड १० लाखांपर्यंत. पुन्हा केलीत तर ५० लाखांपर्यंत. शिवाय जाहिरात करायला एक वर्षापर्यंत बंदी.

आता तुम्ही पाहिलेलं शेवटचं रील आठवा. ‘मित्रांनो, ही थाळी मला फुकट मिळाली आहे’ असं ऐकलंत?

ऐकलं असेल तर त्या माणसाला माझा नमस्कार सांगा.

ताकाला जाऊन भांडं लपवायची रीत जुनीच आहे. फरक इतकाच, की आता भांडं सत्ताविसाव्या हॅशटॅगखाली ठेवलेलं असतं.

प्राप्तिकर खात्याला मात्र हे भांडं लगेच दिसलं. २०२२ साली कायद्यात कलम १९४-आर आलं. धंद्यापोटी कुणाला वर्षभरात २० हजारांच्या वर वस्तू किंवा सोयी दिल्या, तर देणाऱ्याने त्यावर १० टक्के कर कापून भरायचा. लहान धंदेवाल्यांना सूट आहे, त्यामुळे टपरीवाला सुटला. पण पंचतारांकित ब्रंचवर ब्रंच झोडणाऱ्यांचं काय? सरकारच्या लेखी ते उत्पन्न आहे.

प्रेक्षकाच्या लेखी मात्र ते अजूनही ‘प्रामाणिक मत’ आहे!

परीक्षण ही काही अलीकडची टूम नाही. मिशलिन ही टायर विकणारी फ्रेंच कंपनी. मोटारी फिराव्यात आणि टायर झिजावेत म्हणून तिने १९०० साली प्रवाशांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली. पुढे त्यातूनच रेस्टॉरंटांचे तारे आले. तिचे परीक्षक नाव न सांगता जातात, जेवतात आणि बिल भरून बाहेर पडतात. हेतू टायर खपवण्याचा होता, तरी जेवणाचे पैसे दिले.

आमच्याकडे हेतू समाजसेवेचा आहे, म्हणून पैसे देत नाहीत.

न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षक रूथ रायकल तर वेश बदलून जेवायला जायच्या. ‘ल सर्क’ नावाच्या बड्या रेस्टॉरंटात साध्या बाईच्या वेशात गेल्या, तेव्हा त्यांना ताटकळत ठेवलं. पुढे ओळख पटली आणि पायघड्या घातल्या गेल्या. स्पेनचे राजे बारमध्ये खोळंबलेत, पण आपलं टेबल तयार आहे, असं मालक म्हणाले. रायकलबाईंनी १९९३ साली दोन्ही अनुभव शेजारी शेजारी छापले आणि चार ताऱ्यांपैकी एक काढून घेतला.

आमचा ब्लॉगर कशाला वेश बदलेल? तो कॅमेरा पुढे धरूनच आत शिरतो. त्याला मालक स्वतः वाढतो. पनीर उतू जात असतं, तुपाची धार थांबत नसते. रील बघून तुम्ही शनिवारी सहकुटुंब जाता आणि रस्सा ढवळत राहता.

पनीर शोधायला मोबाइलचा टॉर्च लावावा लागतो. म्हणजे कॅमेरा तुमच्याही कामाला आलाच.

शिवाय चव हा विषय रीलमध्ये दुय्यम. मुख्य विषय आकार. २०२१ च्या सुरुवातीला पुण्याजवळ वडगाव मावळातल्या एका हॉटेलने अडीच हजारांची, चार किलोंच्या आसपास वजनाची मांसाहारी थाळी काढली. तासाभरात संपवा आणि बुलेट घेऊन जा. देशभर गवगवा झाला. बुलेट कुणाला मिळाली, याची बातमी झाली. थाळीत मटण कसं होतं?

कुणी विचारलं?

आता टीकेकडे येऊ. ब्लॉगर कधीच टीका करत नाहीत, हा अपप्रचार आहे. करतात की! हातगाडीवाल्यावर करतात.

भेळवाल्याचे हात, पाणीपुरीवाल्याची बादली, भजीवाल्याचं तेल, सगळं झूम करून दाखवतात. वर हसण्याचा इमोजी. त्याची परवानगी नाही, त्याची बाजू नाही, त्याचा चेहरा मात्र लाखो लोकांसमोर. तेल काळं असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. पण तक्रारीला लाइक मिळत नाहीत. आणि वातानुकूलित हॉटेलातल्या स्वयंपाकघराचं दार हे वीर कधी ढकलून बघतात का? तिथे सगळं कायम ‘ऑसम’ असतं.

टीकेचा जोर बिलाच्या व्यस्त प्रमाणात.

काही महाभाग याच्याही पुढचे. जेवण द्या, नाहीतर वाईट रील टाकतो, अशी गोड भाषा हॉटेलमालकांना सवयीची झाली आहे. सहसा कुणी जाऊन तक्रार करत नाही. अब्रूची किंमत चार थाळ्या असेल तर ती स्वस्तच म्हणायची.

खाली प्रतिक्रिया देणारे तर विचारूच नका. ‘आमच्या कोल्हापूरला या, मग कळेल तिखट कशाला म्हणतात.’ ‘हे पुणेकर साखर घालतात.’ हॉटेल कुठल्या गल्लीत आहे तेही ज्याला माहीत नाही, तो एक तारा देऊन मोकळा. उचलली जीभ, लावली टाळ्याला. ज्याने खाल्लं तो फुकट खाऊन बोलतो. उरलेले न खाताच बोलतात.

मग पैसे देऊन जेवलेला माणूस बोलतो कुठे?

कोर्टात.

विनोद नाही. तैवानमध्ये एका बाईंनी नूडल्स खाल्ल्या आणि लिहिलं, की तिथलं जेवण फार खारट आहे आणि जागेत झुरळं आहेत. मालकाने खटला भरला. २०११ साली न्यायालयाने ३० दिवसांच्या कोठडीची शिक्षा सुनावली, दोन वर्षांच्या परिवीक्षेवर, आणि दोन लाख तैवानी डॉलर भरपाई. एकदाच जाऊन, एकच पदार्थ खाऊन सगळंच खारट कसं म्हणता, असा मुद्दा होता. झुरळांचं लिहिणं मात्र वस्तुस्थितीकथन ठरलं.

झुरळ सुटलं, मीठ अडकलं.

फ्रान्समध्ये २०१४ साली तेच. काप-फेरे गावातलं एक रेस्टॉरंट टाळा, अशा मथळ्याचं परीक्षण गूगलवर वर दिसू लागलं. न्यायालयाने लिहिणाऱ्या बाईंना मथळा बदलायला लावला आणि १,५०० युरो भरपाई, वर एक हजार युरो खर्च द्यायला सांगितला. तेवढ्यात किती जेवणं झाली असती, याचा हिशेब ज्याने-त्याने करावा.

आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहे. बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा समाजसेवा. लिहिलेलं खरं असेल आणि लोकहिताचं असेल तर कायदा अपवाद करतो. पण तो अपवाद कोर्टात जाऊन मांडावा लागतो.

आणि वकील बार्टरवर काम करत नाहीत.

तेव्हा गणित सोपं आहे. फुकट खाऊन खोटं गोड बोललात तर फॉलोअर वाढतात. पैसे मोजून खरं कडू बोललात तर नोटीस येते. मग बुद्धिमान माणूस काय करेल?

अर्थात हॉटेलवाले काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. ‘पाच तारे द्या, गुलाबजाम आमच्याकडून’ ही पाटी कोण लावतं? बिलासोबत क्यूआर कोड देऊन वेटरला डोक्यावर कोण उभं करतं? टाळी विकत घेताना गोड वाटलं, मग शिटी फुकट वाजली की लगेच अब्रू आठवते? भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली ऑनलाइन परीक्षणांसाठी मानक काढलं, आयएस १९०००. खोटी परीक्षणं रोखा, विकत घेऊ नका, असं सगळं त्यात आहे.

मानक ऐच्छिक ठेवलं. मग काय, इच्छा फारशी कुणाला झाली नाही.

ताऱ्यांची किंमत बघायची तर लंडनला जा. उबा बटलर नावाचा पत्रकार पूर्वी दहा-दहा पौंड घेऊन हॉटेलांची खोटी परीक्षणं लिहायचा. २०१७ साली त्याने डलिचमधल्या आपल्या घरामागच्या शेडलाच रेस्टॉरंट म्हणून नोंदवलं. पदार्थांच्या फोटोंत दाढीचा फेस आणि साफसफाईच्या वड्या. एका ताटात तर अंड्याखाली त्याची स्वतःची टाच. मित्रांकडून परीक्षणं लिहून घेतली. काही महिन्यांत ते ट्रिपॲडव्हायझरवर लंडनमधलं पहिल्या क्रमांकाचं रेस्टॉरंट झालं.

एकही थाळी न वाढता! निदान कुणाचं पोट तरी बिघडलं नाही.

उलट टोक डब्लिनचं. २०१८ च्या जानेवारीत एका तरुण यूट्यूबरने तिथल्या हॉटेलमालकाकडे प्रसिद्धीच्या बदल्यात फुकट मुक्काम मागितला. मालकाने ती मागणी जगासमोर टांगली, नंतर सरसकट ब्लॉगरांनाच बंदी केली. वाद जगभर गेला. मग त्याने त्या मुलीला ५२ लाख ८९ हजार युरोंचं बिल धाडलं. का? तर तिला जगभर प्रसिद्धी मिळवून दिली म्हणून!

प्रसिद्धी त्यालाही मिळाली. त्याचं बिल कुणी फाडलं नाही.

मग कॅमेऱ्याने कुणाचं भलं होतच नाही का? होतं. ऑक्टोबर २०२० मध्ये दिल्लीच्या मालवीय नगरातल्या ‘बाबा का ढाबा’च्या म्हाताऱ्या जोडप्याचा रडवेला व्हिडिओ देशाने पाहिला. दुसऱ्या दिवशी रांग लागली, मदतीचा पूर आला. महिन्याभरात मदतीच्या पैशांवरून पोलिसांत तक्रार. डिसेंबरात नवं रेस्टॉरंट. काही महिन्यांत ते बंद आणि बाबा पुन्हा ढाब्यावर. गर्दीतल्या बहुतेकांना सेल्फी हवा होता. मटर पनीर रोज खायला कुणीच येणार नव्हतं.

रीलने रांग लागते. धंदा दुसऱ्यांदा येणाऱ्या गिऱ्हाइकावर चालतो.

आणि खरी गोम तिथेच आहे. फुकट्या ब्लॉगर त्याच हॉटेलात दुसऱ्यांदा जात नाही. कशाला जाईल? दुसऱ्या रीलचं जेवण दुसऱ्या हॉटेलात आहे. ‘आयुष्यातली सर्वांत भारी बिर्याणी’ त्याला दर आठवड्याला नवी भेटते. एवढी भारी होती तर मंगळवारी, कॅमेरा घरी ठेवून, स्वतःच्या खिशातले साडेतीनशे रुपये देऊन का नाही गेला बुवा?

ब्लॉगर मंडळींनी खुशाल खावं. फुकट खावं, चौघांनी खावं, पार्सलही न्यावं. फक्त रीलच्या सुरुवातीला, मोठ्याने आणि मराठीत, बिल कुणी भरलं एवढं एक वाक्य बोलावं. कायदा याहून थोडं जास्तच मागतो, आपण तेवढंही मागत नाही.

हे वाक्य ऐकू येत नाही तोवर ती जाहिरात समजायची. जाहिरातीवर आपण साबणाच्या बाबतीत जेवढा विश्वास ठेवतो, तेवढाच बिर्याणीच्या बाबतीत ठेवायचा. शेजारच्या काकांना विचारा, ऑफिसातल्या डबा न आणणाऱ्याला विचारा, रिक्षावाल्याला विचारा. पैसे मोजून पुन्हा पुन्हा कुठे जाता, एवढाच प्रश्न.

आणि रील बघूनच जायचं असेल तर जरूर जा. फक्त त्याने जे खाल्लं, त्याचंही बिल आता तुमच्याच ताटात लागणार आहे, हे ध्यानात असू द्या.