लाल पट्ट्याच्या आधी

इंगोलश्टाट, जर्मनी

तीर्थरूप बाबांना,


आम्ही सगळे इथे खुशाल आहोत. तुमच्या सूनबाईंच्या मते ही खुशाली फक्त कागदावर आहे. चिरंजीवांनी गेमचं स्टिअरिंग जेवणाच्या टेबलाला आवळून बसवलंय आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतोय. पाहुणे आले की ती त्यांना सांगते, ‘हा आमच्याकडचा ड्रायव्हर, याचं जेवण झालं की मग तुम्हाला टेबल मिळेल.’

पत्रास कारण तुमचा हा नातूच. ज्या ऑडीचा कारखाना आमच्या गावात, तिचीच आर 10 टीडीआय त्याने ग्रॅन टुरिस्मो या शर्यतीच्या गेममध्ये निवडली. ही साधीसुधी गाडी नव्हे. जून 2006 मध्ये फ्रान्सातली ल माँची चोवीस तासांची शर्यत तिने मारली. तिथे डिझेलवर जिंकलेली ही पहिलीच गाडी. पुढे 2014 पर्यंत दरवर्षी तिथे डिझेलच जिंकलं. 2009 ला प्यूजोची गाडी, बाकी सगळी वर्षं ऑडी. इंजिन साडेपाच लिटरचं, बारा सिलिंडरचं, दोन टर्बोंचं. ताकद साडेसहाशे अश्वशक्तीच्या वर आणि टॉर्क 1,100 न्यूटन-मीटरच्या घरात. गियर मात्र पाचच, तुमच्या एसटीइतके!

एवढी गाडी हाताशी असून पोरगा मागे पडतो. कारण तो पेट्रोलच्या सवयीने चालवतो. काटा लाल पट्ट्यात जाऊन थडथडेपर्यंत गियर टाकत नाही. 2006 साली फॉर्म्युला वनची इंजिनं मिनिटाला 19,000 फेऱ्यांच्याही वर किंचाळत होती. या आर 10 चा सगळा कारभार तीन ते पाच हजारांत. तुम्हाला काय सांगायचं, डिझेलला स्पार्क प्लग नाही. दाबून तापलेल्या हवेत इंधन फवारायचं, ते पेटायचं, जळायचं. याला वेळ लागतो. शिवाय तो दाब सोसणारे भाग दणकट नि जड. फेरे एका मर्यादेपुढे गेले की आवाज वाढतो, ओढ कमी होते.

मी त्याला वहीवर हिशेब मांडून दाखवला. समज, तिसऱ्याचा चौथा टाकला की फेरे चौथाईने पडतात. 4,800 ला गियर टाकलास तर काटा 3,600 वर येईल. तिथे टर्बो फुंकत असतो, टॉर्क भरपूर असतो, गाडी लगेच उचलते. लाल पट्ट्यात रेंगाळलास तर पॉवर उतरणीला लागलेली असते. फार लवकर टाकलास तर तीन हजारांच्या खाली पडशील आणि टर्बो जागा होईपर्यंत वाट बघत बसशील. पुढच्या गियरमध्ये चाकावर येणारी ओढ आत्ताच्या गियरइतकी झाली, की तोच गियर टाकायचा क्षण. खात्री करायची तर ल माँच्या लांब सरळ रस्त्यावर करावी. तेर्त्र रूजच्या वळणातून दर वेळी सारखंच बाहेर पडायचं, गियर टाकायचा आकडा दोनशे-दोनशेने बदलायचा आणि पहिल्या शिकेनच्या नागमोडी वळणाला ब्रेक दाबण्याआधी वेग किती झाला ते लिहायचं. ज्या आकड्याला वेग जास्त, तो आपला.

वळणाची गोष्ट वेगळी. हळू वळणातून पहिल्या गियरमध्ये पाय दाबला की तो सगळा टॉर्क मागच्या चाकांवर येतो आणि पोरगा गवतात. वळण एक गियर वरचा ठेवून काढलं तर गाडी निमूटपणे बाहेर येते.

या गाडीचा आवाजही कमी. खऱ्या चालकांना इंजिनापेक्षा वाराच जास्त ऐकू यायचा, म्हणून गियर कधी टाकायचा ते स्टिअरिंगजवळचे दिवे सांगायचे. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई त्यामुळे खूश आहेत. इथे रविवारी दिवसभर शांतता पाळावी लागते आणि पेट्रोलच्या गाड्या चालू असताना त्या झाडूच्या दांड्याने छत ठोकायच्या. आता जिन्यात भेटल्या की हसतात. सूनबाई म्हणते, डिझेलचा एवढाच काय तो उपयोग.

माझं सगळं ऐकून चिरंजीव म्हणाले, ‘बाबा, तुम्ही तर ऑटोमॅटिक चालवता.’ यावर मी काय बोलणार?

तेव्हा विनंती अशी की रविवारी फोन कराल तेव्हा त्याला पाच मिनिटं द्या. कशेडीच्या घाटात भरलेली गाडी काढताना तुम्ही इंजिनाला कधी ओरडू दिलं नाहीत, हे मी तुमच्या मागच्या सीटवर बसून पाहिलंय. तुमचा शब्द तो ऐकेल. तेवढं सांगितलंत तर आमचं टेबलही सुटेल, कारण शर्यत जिंकल्याशिवाय स्टिअरिंग काढणार नाही अशी त्याने शपथ घेतली आहे.

आईला साष्टांग नमस्कार. गोळ्या वेळेवर घ्या.

आपला,
धाकटा