मशीन माझं, पाय त्याचे

झाडं कापायचा पाच-सहा हजारांचा पेट्रोल कटर घरच्या वापराला पुरतो का, हे लोक मला विचारतात. श्रीवर्धनच्या बाजूला आमची वाडी आहे आणि केशरी कटर छातीशी धरलेला माझा फोटो डीपीला आहे. एवढ्या भांडवलावर या विषयातला माझा अधिकार उभा आहे. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळात नारळी-पोफळी आडव्या झाल्या आणि कटरवाल्याची तारीख मंगल कार्यालयापेक्षा दुर्मिळ झाली. तेव्हापासून ज्याच्या त्याच्या पडवीत स्वतःचा कटर आला.

तर उत्तर : पुरतो. पावसाळ्याआधी चार फांद्या, नंतर एखादा पडलेला माड, याला नावाजलेल्या कंपनीचं तिप्पट किमतीचं मशीन लागत नाही. पेट्रोलमध्ये ऑइल मात्र मापात हवं. पुस्तिकेत पंचविसास एक लिहिलं असेल, तर लिटरला ४० मिली टू-टी.

टू-टी, म्हणजे जुन्या स्कूटरच्या पेट्रोलातलं ऑइल, म्हटलं की मी रंगात येतो. पंपावर ‘ऑइल टाकून’ असं रुबाबात सांगणाऱ्यांतला मी. तेव्हा स्कूटर चालू करण्याआधी अंगावर तिरकी घ्यावी लागे. मुलगी बघायला निघालेला, कडक इस्त्रीतला तरुणसुद्धा आधी स्कूटरला कमरेत वाकवायचा. मागे बसायची वाट पाहत आई पदर सावरून उभी, वडील गॅलरीतून ‘चोक ओढ’ म्हणून ओरडणार, आणि सातव्या किकला निळा धूर थेट शेजारच्यांच्या पोह्यांवर. कटरची दोरी ओढली की तोच धूर, तोच वास येतो. पुन्हा पंचविशीत जायला सहा हजार काही जास्त नाहीत.

असो. कटरकडे येऊ. महागाची असो की स्वस्तातली, चेन मातीला लागली की धार गेलीच. लाकडाचे कपचे पडायचे थांबून पिठासारखा भुसा पडू लागला, की कानस काढायची. हे ज्ञान मला वाडीतल्या गड्याकडून मिळालं. कारण फोटो निघताच तो म्हणतो, “दादा, फोटू झाला आसंल तर द्या हिकडं.”

आणि इथेच त्या प्रश्नाची मला चीड येते. घरमालकाला पुरतो का म्हणे! घरमालक चालवतो कुठे? चालवतो गडी, पायांत रबरी चप्पल, डोळ्यांवर काही नाही. पात्याच्या टोकाची वरची बाजू लाकडाला टेकली, तर मशीन उसळून माणसाच्या तोंडाकडे येतं. तेव्हा चेन-ब्रेकच कामाला येतो. कटरसाठी खास पँट मिळते. तिच्यातले लांब धागे चेनमध्ये गुंतून ती जागच्या जागी अडवतात. पण ही पँट मशीनच्या किमतीच्या आसपास जाते, म्हणून कुणी घेत नाही. आपली काटकसर दुसऱ्याच्या मांडीवर चालते.

तेव्हा स्वस्त कटर खुशाल घ्या. चेन-ब्रेक चालतो का ते दुकानातच बघा. चष्मा, पँट आणि बूट त्याच दिवशी घ्या, आणि माप गड्याचं घ्या.