सेन्सरशास्त्री

नव्या कॅमेऱ्याचं बारसं जपानात होतं आणि तेरावं पुण्यात, तेही त्याच संध्याकाळी. हा विधी ज्यांच्या हातून पार पडतो त्यांना आमच्या कट्ट्यावर सेन्सरशास्त्री म्हणतात. असे शास्त्री डोंबिवलीतही आहेत, नाशकातही आहेत, आणि न्यू जर्सीतल्या शास्त्रींना तर कॅमेरा स्वस्तात मिळत असूनही ते घेत नाहीत. पण पुण्याच्या शास्त्रींचा अधिकार वेगळा. कंपनीने डब्यातून कॅमेरा बाहेर काढायच्या आत यांचा निकाल तयार असतो, आणि त्यावर अपील नसतं.

२००७च्या ऑगस्टमध्ये निकॉनने डी३ जाहीर केला. १२ मेगापिक्सेल. त्याच आठवड्यात कॅननने २१चा कॅमेरा आणला होता. शास्त्रींनी चहाचा कप खाली ठेवला. “बाराच?” पुढे २०१२मध्ये त्याच निकॉनच्या डी८००ने ३६ दिले. पत्रिकेत इतके गुण जुळले असते तर मुलीच्या बापाने पेढे वाटले असते; शास्त्री मात्र संतापले. “एवढाल्या फायली ठेवायच्या कुठे? माझ्या डोक्यावर? अहो, डी३ तो डी३! बाराच होते, पण काय बारा होते!” २०२४मध्ये कॅननने आपला सर्वांत वरचा आर१ आणला, तो २४चा. “२०२४ सालात २४? मग पुढच्या वर्षी २५ देणार का?”

नियम एकदा कळला की शास्त्री सोपे जातात. दुकानात मिळतोय तोवर कॅमेरा फसलेला, बनवायचा बंद झाला की अभिजात.

त्यांचं सगळंच चुकतं असं नाही. २०१८मध्ये निकॉनचा झेड७ आणि कॅननचा ईओएस आर, दोन्ही एकाच कार्डाच्या खणासह आले, तेव्हा जगभरच्या फोटोग्राफरांनी बोंब मारली होती आणि ती रास्त होती. दुसरं कार्ड नसेल आणि पहिलं उडालं, तर सगळं काम गेलं. शास्त्री कडाडले, “वधूवरांना पुन्हा बोहल्यावर उभं करणार का?” दोन वर्षांनी झेड७ची दुसरी आवृत्ती दोन खण घेऊन आली. शास्त्रींनी चष्मा कपाळावर सरकवून माहितीपत्रक वाचलं. “दोन्ही खणांची कार्डं वेगळ्या जातीची! हा काय आंतरजातीय विवाह आहे?”

आता, शास्त्री स्वतः लग्नात एकही फोटो काढत नाहीत. मंगलाष्टकं चालू असताना ते फोटोग्राफरच्या मागे जाऊन वाकतात आणि लेन्सवरचे आकडे वाचतात. तो पोरगा पहाटे मेंदी लावलेल्या हातांपासून सुरू झालेला असतो, रात्री पाठवणीपर्यंत त्याला उभं राहायचं असतं. नव्या बॉडीबद्दल त्याला विचारा. तो तीन गोष्टी विचारेल: बॅटरी किती चालते, बिघडली तर दुरुस्तीला किती दिवस लागतात, आणि हप्ता किती बसतो. एवढं खरं मत मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही, पण त्याला कट्ट्यावर बसायला वेळ नसतो.

२०२०मध्ये कॅननचा आर५ ८के चित्रीकरण करताना वीसेक मिनिटांत तापून थांबतो असं निघालं. शास्त्री इतके प्रसन्न मी क्वचित पाहिले. “आणा म्हणावं मे महिन्यात ताडोब्याला!” २०२३च्या सोनी ए९ थ्रीने तर पंचाईतच केली. सेकंदाला १२० फोटो, सेकंदाच्या ऐंशी हजाराव्या भागापर्यंत शटर, आणि अख्खा सेन्सर एकाच क्षणी वाचला जात असल्यामुळे फिरत्या पंख्याची पातीही वाकडी दिसत नाहीत. खोड कुठे काढणार? दोन दिवस शास्त्री घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते उजळलेल्या चेहऱ्याने. “मूळ आयएसओ २५०! शंभर नाही! उन्हात काय करायचं?”

दुकानात मिळत असतानाच त्यांनी आयुष्यात एकाच कॅमेऱ्याला शाबासकी दिली. २०१२मध्ये लायकाने फक्त कृष्णधवल फोटो काढणारा डिजिटल कॅमेरा आणला. रंग काढून घेतले आणि किंमत वाढवली. “याला म्हणतात धंदा,” शास्त्री म्हणाले. पुणेरी आदर होता तो.

कुणीतरी एकदा सांगून पाहिलं, की छायाचित्रकार होमाई व्यारावालांनी रोलिफ्लेक्सवर देशाचा इतिहास टिपला. शास्त्री क्षणभर थांबले. “त्यात कार्डाचे खण किती होते?”

“एकही नाही.”

“तेच म्हणतोय मी.”

त्यांचा स्वतःचा कॅमेरा २००८चा निकॉन डी७००. तो सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात असतो. खंडेनवमीला बाहेर येतो, त्याला गंध-फूल वाहतात, हळदकुंकू मात्र बॉडीवर नाही, शेजारच्या पाटावर. कण आत जातात. नवी लेन्स कुणी दाखवायला आणली तर डब्याचं झाकण आणखी एकदा उघडतं आणि सोसायटीच्या मागच्या विटांच्या भिंतीचा फोटो निघतो. मग संगणकावर तो मोठा करकरून कोपऱ्यातली वीट मधल्या विटेइतकी धारदार आहे का ते तपासतात. त्या भिंतीचा बारीक तडासुद्धा शास्त्रींना ठाऊक आहे. भिगवणला होडीतून सगळे रोहित पक्षी टिपत असताना हे कोपऱ्यांवर बोलत होते. थवा उठला तेव्हा मुद्दा अर्धा झाला होता, म्हणून त्यांनी वर पाहिलं नाही.

तेव्हा शास्त्री आपला डी७०० विकताहेत असं कधी कानावर आलं, तर घासाघीस न करता घ्या. शटर भिंतीपुरतंच उडालंय, रबर कुठे सुटलेलं नाही, पावती आणि मूळ खोकं शाबूत आहे. फक्त संध्याकाळ मोकळी ठेवून जा. कॅमेरा हातात पडण्याआधी तो तुम्ही का घेऊ नये, हे ऐकून घ्यावं लागतं.