सवाईचे वतनदार

मुंबई सरकारने १९५० साली कायदा करून परगणा व कुलकर्णी वतने खालसा केली आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या हक्कांची दफ्तरे बासनात बांधली गेली, तेव्हा वतनदारांचा वर्ग आता महाराष्ट्रातून नामशेष होणार, असे समजून अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु त्यानंतर अवघ्या तीनच वर्षांनी, १९५३ मध्ये, आपले गुरू रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ पंडित भीमसेन जोशी यांनी पुण्यात संगीत महोत्सवाचा पायंडा पाडला आणि त्याबरोबर एका नव्या वतनाची सनद, कोणाच्याही सहीशिक्क्यावाचून, जारी झाली. या वतनाला जमीन नाही, उत्पन्न नाही; सारा मात्र सीझन तिकिटाच्या रूपाने दरसाल भरावा लागतो. वतनदाराचा हक्क एवढाच, की डिसेंबर उजाडला म्हणजे ‘सवाई आता पूर्वीचा राहिला नाही’ असे त्याने चारचौघांत म्हणावे आणि चारचौघांनी ते निमूटपणे ऐकून घ्यावे.

हा वतनदार सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे असतो. जन्म सदाशिव, नारायण अथवा शनिवार पेठेतला. वाडा पडल्यापासून मुक्काम कोथरुडात, चिरंजीवांच्या घरी. महोत्सवाची जाहिरात वर्तमानपत्रात झळकण्यापूर्वीच त्याची कापडी पिशवी माळ्यावरून खाली येते आणि तीत माकडटोपी, शाल, पाठीमागे घ्यायची चपटी उशी, थर्मास, सुपारीची डबी व टोक काढलेली शिसपेन्सिल या वस्तू ठरलेल्या क्रमाने रुजू होतात. सर्वांत शेवटी आणि सर्वांत जपून ठेवली जाते ती लाल पुठ्ठ्याची, उभ्या आखणीची, किराणा दुकानदाराने वापरावी तशी जमाखर्चाची वही. तिच्या जमेच्या बाजूस गायकाचे नाव, राग, ताल आणि विलंबिताला दिलेला वेळ यांची नोंद होते. नावेच्या बाजूस दोष मांडले जातात. जमेच्या रकान्यात ‘बरे’ याहून मोठा शब्द सहसा पडत नाही. नावेची बाजू मात्र दर पानावर तुडुंब भरून समासात ओसंडलेली असते.

गाणे सुरू होण्यापूर्वी रागाचे नाव ओळखणे हा वतनाचाच एक पोटहक्क होय. संध्याकाळच्या बैठकीत कोमल ऋषभ आणि तीव्र मध्यम कानी पडताच, पंचम लागत नाही याची खातरजमा करून घेऊन, वतनदार शेजाऱ्याकडे किंचित झुकतो आणि ‘मारव्याचे अंग दिसते’ असा सावध अभिप्राय देतो. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिन्ही रागांचे सूर तेच असून भेद केवळ चलनाचा असल्यामुळे, पुढे पूरिया निघाला तर ‘अंग’ या शब्दाच्या आडोशाने अब्रूनिशी माघार घेता येते आणि मारवाच निघाला तर शेजाऱ्याकडे विजयी मुद्रेने पाहता येते. अशा ऐन मोक्याच्या क्षणी निवेदकाने ध्वनिक्षेपकावरून रागाचे नाव जाहीर करून टाकणे म्हणजे वतनदाराच्या मते उघड अतिक्रमण. ‘पूर्वी हे सांगावे लागत नसे,’ असे तो म्हणतो आणि नावेच्या बाजूस एक ओळ वाढते.

त्याच्या कैफियतीतले पहिले कलम जागेचे असते. मुकुंदनगरातल्या महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर २०१८ साली महोत्सव गेला, त्या दिवसापासून पुण्याची संस्कृती स्वारगेटपलीकडे हद्दपार झाली, असे त्याचे ठाम मत आहे. लक्ष्मी रस्त्यावरून चालत जाऊन रमणबागेत बसावे आणि गाणे गुणगुणत चालतच परत यावे, या वहिवाटीला मुकल्याचे दुःख तो रिक्षावाल्यापाशी मोजक्या शब्दांत व्यक्त करतो, आणि रिक्षावाला, मीटर चालू असल्यामुळे, त्याच्याशी पूर्णतः सहमत होतो. परंतु ज्यांची स्मरणशक्ती थोडी बरी आहे ते सांगतात, की महोत्सव रेणुका स्वरूप प्रशालेच्या पटांगणातून रमणबागेत आला तेव्हा हाच गृहस्थ, टोपीखालचे केस काळे असताना, रमणबागेच्या मातीत गाणे रुजत नाही असे शपथेवर सांगत होता. पुढे त्या मातीत गाणे इतके रुजले, की ते उपटून अन्यत्र नेणे हा त्याला अत्याचार वाटू लागला.

जागेच्या या कज्ज्यात आणखी एक पक्षकार आहे आणि त्याची फिर्याद वतनदाराहूनही करुण आहे. हा रमणबागेच्या आसपास राहणारा गृहस्थ होय. त्याने जन्मात कधी तिकीट काढले नाही; ध्वनिक्षेपकाच्या कृपेने, गॅलरीत आरामखुर्ची टाकून, पांघरूण गुडघ्यापर्यंत ओढून त्याने थोर थोर गवयी ऐकले आणि आवाजाचा त्रास होतो म्हणून अधूनमधून तक्रारही केली. महोत्सव गेल्यावर पेठेत जी शांतता पसरली ती त्याला सोसवेना. ‘पुणे आता सांस्कृतिक शहर उरले नाही’ हे वाक्य सर्वांत प्रथम आणि सर्वांत मोठ्याने उच्चारल्याचा मान याच गॅलरीकडे जातो.

दुसरे कलम वेळेचे आहे आणि येथे मात्र वतनदाराची बाजू बळकट आहे, हे प्रतिपक्षानेही मान्य करावे. एके काळी सवाई तीन रात्रींचा असे. संध्याकाळी पूरिया नाही तर मारवा, रात्र चढल्यावर बागेश्री, मध्यरात्रीच्या पुढे दरबारी आणि मालकंस, मग पहाटेच्या गारठ्यात ललित, उजाडता उजाडता तोडी, असा रागांचा समयचक्राप्रमाणे प्रवास श्रोत्याच्या अंगावरून जात असे, आणि रात्रभर ताटकळून राहिलेल्या श्रोत्यांपुढे भीमसेनजी अखेरीस गायला बसत. ध्वनिप्रदूषणासंबंधीचे नियम २००० साली आले, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकावर बंदी झाली, फार तर एखाद्या दिवशी बारापर्यंतची सवलत मिळू लागली, आणि निम्मी रात्र व सगळी पहाट महोत्सवाच्या मुलखातून वजा झाली. दरबारी आता फारच क्वचित वाट्याला येतो. आणि आला तरी घड्याळाकडे पाहत गायलेला दरबारी हा वतनदाराच्या लेखी दरबारी नव्हेच.

परंतु या फर्मानाचे एक फळ असेही निघाले, की ज्याचा उल्लेख वतनदार आपण होऊन कधी करत नाही. रात्रींचे दिवस झाले, तीनांचे पाच झाले, बैठका दुपारीच सुरू होऊ लागल्या आणि ज्या रागांना या मांडवात वर्षानुवर्षे प्रवेशच नव्हता त्यांचे दरवाजे उघडले. भीमपलास, पटदीप, मुलतानी ही दिवसाच्या तिसऱ्या-चौथ्या प्रहरांची प्रजा. रात्री आठला बसून पहाटे उठणाऱ्या श्रोत्याला ती भेटणार कशी? डिसेंबरातली उन्हे उतरत असताना मुलतानीचा कोमल गांधार लागला आणि गायिकेने निषादावरून षड्जावर येताना किंचित थांबून श्वास घेतला, त्या वेळी वतनदाराची पेन्सिल वहीवर टेकून तशीच राहिली होती, असे त्याच्या शेजारी बसलेल्यांनी पाहिले आहे. नंतर विचारल्यावर ‘ठीक होते’ इतकीच जबानी मिळाली.

तिसरे कलम संकीर्ण बाबींचे. त्यात रंगमंचाच्या दोन्ही बाजूंचे प्रचंड पडदे येतात, ज्यांच्यावर तबलजीचा घाम मागच्या रांगेपर्यंत दिसतो. पुढच्या भागातले सोफे येतात, ज्यांवर बसणाऱ्यांना समेची जागा कळत नाही असा आरोप भारतीय बैठकीतून नित्य होत असतो. दोन कलाकारांच्या मध्ये लागणाऱ्या जाहिराती येतात. कॉफीचाही त्यात समावेश आहे. पूर्वीची कॉफी इतकी वाईट असे, की एक पेला घेतल्यावर पहाटेपर्यंत झोपेची छाती होत नसे. हल्ली ती चवदार झाली आणि त्यामुळे श्रोत्यांना डुलक्या लागतात, हा कार्यकारणभाव वतनदाराने स्वानुभवातून सिद्ध केलेला आहे. भीमसेनजी २०११ च्या जानेवारीत निवर्तले आणि महोत्सवाचे नाव ‘सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव’ असे झाले, याबद्दल मात्र त्याची हरकत नाही. ते नाव तो आदराने वाचतो आणि बोलताना ‘सवाई’ म्हणतो.

कलाकारांविषयी त्याचे धोरण सुस्पष्ट आहे. जो हयात आहे त्याला अजून वेळ द्यावयास हवा, आणि जो नाही त्याच्या तोडीचा पुन्हा होणे नाही. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर, मल्लिकार्जुन मन्सूर ही नावे घेताना त्याचा उजवा हात आपोआप कानाच्या पाळीकडे जातो. मात्र यांपैकी प्रत्येकाचे गाणे त्याने प्रथम ऐकले तेव्हा शेजारच्या चटईवर त्या काळचा एक वतनदार बसलेला होता, त्याच्या तोंडी अब्दुल करीम खाँसाहेबांचे नाव होते आणि त्याने या सर्वांना ‘ठीक’ म्हटले होते, ही गोष्ट दफ्तरातून गहाळ झालेली आहे.

त्याच्या घरातली मते अर्थातच निराळी आहेत. सूनबाई हिंजवडीत नोकरी करत असून, शनिवारी दुपारी मुलीला घेऊन मांडवात येतात, दोन कलाकार ऐकतात आणि दहाला घरी पोचतात. रात्रभर चालणाऱ्या महोत्सवात आपल्याला येताच आले नसते, असे त्यांचे साधे, सरळ आणि वतनदाराला निरुत्तर करणारे म्हणणे आहे. सौभाग्यवतींचे मत त्याहून जुने व अनुभवसिद्ध आहे. त्या सुवर्णकाळातल्या तिन्ही रात्री त्यांनी लहान मुले सांभाळत घरी काढल्या, आणि मुकुंदनगरात त्या प्रथमच सलग पाच दिवस गाणे ऐकू शकल्या. तेव्हा ‘पूर्वीचा सवाई’ कसा होता हे आपल्याला ठाऊक नाही, आताचा चांगला आहे, असे त्या पोळीवर तूप घालता घालता सांगतात. या साक्षीची उलटतपासणी करण्याचे धाडस वतनदाराने केलेले नाही.

त्याची खरी परीक्षा झाली ती २०२० आणि २०२१ साली. साथीमुळे दोन्ही वर्षे महोत्सव झाला नाही. ज्या महोत्सवात काही उरले नाही, तो नसताना वतनदाराचे काय बिघडावे? पण त्या दोन डिसेंबरांत तो घरात इतका चिडचिडा झाला, की चिरंजीवांनी जुन्या ध्वनिफिती लावून दिल्या, तर तो त्यांच्याच आवाजाच्या प्रतीविषयी तक्रार करू लागला. २०२२ मध्ये मांडव पुन्हा उभा राहिला तेव्हा पहिल्या दिवशी दार उघडण्यापूर्वी जे थोडे लोक रांगेत होते त्यांत माकडटोपी होती. आत शिरल्यावर त्याने चोहोकडे पाहिले, बैठक आखूड केल्याचा शोध लावला, आणि त्याच्या चेहऱ्यावर दोन वर्षांनंतर प्रथमच समाधान दिसले.

ज्या शहराला आपल्या उत्सवाबद्दल तक्रार करावीशी वाटत नाही, त्याने तो उत्सव मनातून सोडून दिला असे खुशाल समजावे. मांडव कोठे घालायचा, गाणे कधी थांबवायचे आणि तिकीट कितीला लावायचे, हे व्यवस्थापकांनी आणि सरकारने ठरवावे. पण हे सारे चुकले आहे असे दरसाल, न चुकता, पदरचे पैसे खर्चून आणि पाच दिवस मांडी घालून सांगणारा मनुष्य महोत्सवाला परवान्याइतकाच आवश्यक असतो.

आणि हे वतन निर्वंश होण्याचीही धास्ती नाही. अलीकडे मध्यंतरात एक तिशीतला तरुण, कानातली यंत्रे काढून खिशात टाकत, आपल्या मित्राला सांगत होता, ‘मुकुंदनगरचं पहिलं वर्ष बघायला हवं होतंस. काय तो माहोल होता! आता ती मजा नाही राहिली.’ शेजारी बसलेल्या वतनदाराने मान वळवून त्याला आपादमस्तक न्याहाळले, सुपारीची डबी पुढे केली आणि म्हणाला, ‘बरोबर बोललात. पहिल्या वर्षी फार उत्तम झाला होता.’ लाल वहीत २०१८ च्या पानावर नावेच्या बाजूस काय काय लिहिलेले आहे, ते उघडून दाखवण्याचा उद्धटपणा त्या वेळी कोणी केला नाही.