मीटिंगमध्ये वाचून दाखवावे असे पत्र

आयर्विंग, टेक्सास
पोळ्याच्या आधीचा रविवार

ती. बाबा आणि आई यांना सुनेचा साष्टांग नमस्कार.

वि. वि. तुमचं पत्र पोचलं. तुमचे चिरंजीव म्हणाले, ‘बाबांना फोनवरच सांगून टाकू.’ मी म्हटलं, ज्यांनी उभी नोकरी पोस्टात काढली त्यांना तिकीट आणि शिक्का दिसल्याशिवाय मजकूर खरा वाटत नाही. शिवाय फोन लावला की अर्धा वेळ ‘आवाज येते का’ यात जातो, उरलेल्यात धाकटा फोन हिसकावून आईंना दात दाखवतो, आणि मुद्दा संग्रामपूरलाही पोचत नाही आणि इथेही राहत नाही.

तर मुद्दा. आपल्या लेआउटच्या ओपन स्पेसवर काय बांधायचं याची मीटिंग आहे आणि तीन पक्ष पडलेत, असं तुम्ही लिहिलंत. पहिला पक्ष सभामंडपवाल्यांचा. दुसऱ्याला सगळीकडे गट्टू बसवून ओपन जिम आणि हायमास्ट लावायचा आहे. तिसरा म्हणतो, रस्त्याच्या अंगाला दुकानांचे गाळे काढा, भाडं येईल, त्या भाड्यातून पुढेमागे बाग करू. आणि चौथा पक्ष म्हणजे तुम्ही एकटे. ‘आपल्याले नुसतं बसाले जागा पाह्यजे.’ बाबा, तुमच्या पक्षाला या पत्रातून परदेशी पाठिंबा जाहीर करते. मीटिंगमध्ये वाचताना हे वाक्य गाळलं तरी चालेल.

तुमचे चिरंजीव इंजिनिअर असल्यामुळे त्यांनी आधी लॅपटॉपवर चित्रफिती काढायला घेतल्या होत्या. मी सांगितलं, मीटिंग ओट्यावर होणार आहे, तिथे पडदा कुठे लावता? तेव्हापासून ते गप्प आहेत आणि मी लिहिते आहे.

आमच्याजवळचं मोठं शहर डॅलस. आयर्विंगहून तिथे रेल्वे जाते. शहराच्या मधल्या भागाला इथे डाउनटाउन म्हणतात. वर्षानुवर्षं या भागात माणसं सकाळी गाडीने यायची, संध्याकाळी गाडीने पळायची. गाड्या ठेवायच्या म्हणून जुन्या इमारती पाडून मोकळ्या पार्किंगच्या जागा केल्या. आता तेच शहर पार्किंग खोदून बागा करतंय. पार्क्स फॉर डाउनटाउन डॅलस नावाची एक संस्था महापालिकेला जोडीला घेऊन मधोमध चार बागा करून बसली: पॅसिफिक प्लाझा 2019 साली, वेस्ट एंड स्क्वेअर 2021 साली, कार्पेंटर पार्क 2022 साली आणि हारवुड पार्क 2023 साली. यातल्या बहुतेक जागी आधी डांबर तापत पडलेलं होतं.

पॅसिफिक प्लाझा मुद्दाम तुमच्यासाठी सांगते. तिथे सावलीसाठी स्टीलचा एक लांबच लांब गोल पट्टा उभा केलाय. त्याला भोकं पाडलीत, आणि ती भोकं म्हणजे जुन्या रेल्वेच्या स्टेशनांची नावं आहेत, तारेच्या कडकट्ट भाषेत! आपल्याकडे तार 2013 च्या जुलैत बंद झाली तेव्हा तुम्ही त्या दिवशी जेवला नव्हता. इकडे या, तुम्हाला उन्हाने जमिनीवर पाडलेली तार वाचता येईल. थोरली तिथे उभी राहून म्हणाली, ‘आजोबांना हे सगळं येतं?’ मी म्हटलं, हो, आणि तुझ्या बाबांना यातलं एक अक्षर येत नाही.

आता मोठी बाग. तिचं नाव क्लाइड वॉरेन पार्क, 2012 च्या ऑक्टोबरात उघडली. डाउनटाउन आणि अपटाउन या दोन भागांच्या मधून एक हमरस्ता जातो, खाली खोल खोदलेला, त्याच्यावरून पायी जायचं म्हणजे उन्हात एखादा पूल गाठायचा. या लोकांनी रस्ता तसाच ठेवला आणि त्याच्यावर झाकण घातलं. झाकणावर माती, मातीवर बाग. खालून गाड्या धावतात, वर पोरं धावतात. झाडांच्या मुळांना जागा पाहिजे म्हणून काँक्रीटच्या तुळया गटागटाने ठेवून मधे खोल चर सोडलेत. वरून पाहिलं असतं तर कपाशीच्या सऱ्या पाडल्यासारखंच दिसलं असतं. जिथे मातीचं ओझं नको तिथे खाली थर्माकोलसारखे ठोकळे भरलेत. असं करून 300 च्या वर झाडं लावली.

जागा किती? 5.2 एकर. खर्च किती? सुमारे 11 कोटी डॉलर. तुम्ही हिशेब मागणारच, म्हणून करून ठेवलाय: आजच्या भावाने 900 कोटी रुपयांच्या वर, म्हणजे एकरी पावणेदोनशे कोटींच्या आसपास. आणि सातबारा नाही! कारण ही जमीन पूर्वी नव्हतीच, ती हवेत तयार केली. मीटिंगमध्ये हे वाचून झालं की जरा थांबा आणि मग सांगा: लेआउट मंजूर करून घेताना जी 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते, ती आपल्याला फुकट मिळाली आहे, आणि तिच्याखालून कुठलाही हमरस्ता जात नाही.

या 11 कोटींपैकी जवळजवळ निम्मे पैसे देणगीदारांचे. त्यात केल्सी वॉरेन नावाचे एक पाइपलाइनवाले धनाढ्य होते, त्यांनी 1 कोटी डॉलर दिले. बागेला त्यांच्या मुलाचं नाव पडलं, क्लाइड. तेव्हा तो शाळकरी पोरगा. पण बापाने अट घातली: बागेला तुझं नाव लागणार असेल तर तू अधूनमधून तिथे येऊन कचरा वेचायचा. बाबा, ही अट आपल्या मीटिंगमध्ये पहिल्या ठरावात घाला. ज्याला ज्याला कोनशिलेवर, बाकड्याच्या पाठीवर किंवा पाण्याच्या टाकीवर ‘सौजन्याने’ म्हणून नाव पाहिजे, त्याच्या मुलाने महिन्यातून एकदा झाडू मारायचा. माझा अंदाज, बाकडी येतील आणि नावं आपोआप गळतील. नावं राहिलीच, तर ओपन स्पेस आरशासारखी लख्ख राहील. आपलं दोन्हीकडून भलं.

आता एकेका पक्षाचं बघू.

गाळेवाल्यांना सांगा, इथे बाग आधी आली आणि धंदा मागून आला. बाग झाल्यावर आजूबाजूला टॉवर उठले, जागांचे भाव चढले. बागेच्या कडेला खाण्याच्या गाड्या उभ्या राहतात, आणि त्यांच्यासाठी कोणी गाळे बांधले नव्हते. माणसं बसली की कचोरीची गाडी येतेच, हे शेगावच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला अमेरिकेने शिकवावं लागू नये.

हा, टॉवर आले की शेजारधर्मही बिघडतो. बागेला लागूनच नॅशर स्कल्प्चर सेंटर आहे, शिल्पांचं संग्रहालय. त्याच्या शेजारी म्युझियम टॉवर नावाची 42 मजली काचेची इमारत उठली, आणि काचेवरून परतलेलं ऊन संग्रहालयाच्या बागेत आणि छतातून आत पडायला लागलं. झाडं होरपळली, मोठा वाद झाला, वर्तमानपत्रं भरली. आईंना सांगितलं तेव्हा त्या फोनवर म्हणाल्या, ‘इतलं उन फुकटात भेटते तर भांडतात काहून? कुरडया घालाव ना!’ हा तोडगा डॅलसच्या एकाही तज्ज्ञाला सुचला नव्हता.

गट्टूवाल्यांना सांगा, की आपली जमीन काळी आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर बसवलेले गट्टू दोन हंगामांत डोकं वर काढतात. मग संध्याकाळी फिरायला निघालेली म्हातारी माणसं ओपन जिमपर्यंत पोचायच्या आधीच व्यायाम करून घेतात. शिवाय उन्हात तापलेले गट्टू रात्री उशिरापर्यंत धग सोडतात. इथे 2011 सालच्या उन्हाळ्यात 71 दिवस पारा 100 फॅरनहाइटला टेकला किंवा पुढे गेला, म्हणजे आपला 38 च्या आसपास. त्याचा विक्रम म्हणून आजही उल्लेख होतो. तुम्ही हसाल, आपल्याकडे 38 म्हणजे वैशाखात माणूस स्वेटर शोधतो. पण त्या उन्हाने या लोकांना एवढं कळलं की बागेत पहिली वस्तू सावली, बाकी सगळं नंतर. आपल्याला हे 45 ला कळू नये?

सभामंडपवाल्यांना जरा गोडीने सांगावं लागेल, कारण त्यांच्यात आपले व्याही आहेत. क्लाइड वॉरेनच्या मधोमध मोठी हिरवळ आहे. तिथेच योगासनं होतात, तिथेच गाणं होतं, तिथेच सिनेमा दाखवतात, आणि काही नसलं तर पोरं लोळतात. मंडप बांधला की जागा मंडपाची होते. मोकळी ठेवली की सगळ्यांची राहते. पण त्यांची हिरवळ मात्र आपण घ्यायची नाही. आपलं खारपाण. बोअरचं पाणी गवताला घातलं तर वर पांढरा थर, आणि 140 गावं पाणीपुरवठा योजनेचं वानचं पाणी पिण्यासाठी आहे, लॉनच्या लाडासाठी नाही.

म्हणून कडुनिंब आणि करंज लावा. दोघंही खारट जमिनीत तग धरतात, आणि गायीबकऱ्या करंजाला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे कुंपणाचा खर्च थोडा वाचेल. पश्चिमेच्या बाजूला आधी लावा, दुपारचं ऊन तिकडून येतं. शेगावला संस्थानने उजाड माळावर तळं करून, झाडं वाढवून आनंदसागर उभा केला, तो आपल्या घरापासून एसटीच्या अंतरावर. मीटिंगमध्ये कोणी म्हणालं की ‘इकडच्या मातीत काही होत नाही,’ तर तेवढी आठवण करून द्या.

इथल्या बागेतली एक गोष्ट मात्र आपल्याकडे जमायची नाही. तिथे हलक्या खुर्च्या आणि टेबलं नुसती मोकळी पडलेली असतात. ज्याला जिथे सावली दिसेल तिथे त्याने खुर्ची ओढावी. साखळी नाही, कुलूप नाही. तुमचे चिरंजीव म्हणाले, संग्रामपुरात असं केलं तर पहिल्याच लग्नसराईत त्या खुर्च्या वरवट बकालला पंगतीत सापडतील. तेव्हा आपण पार बांधू. पार कोणी उचलून नेत नाही. आणि हो, तिथे कुत्र्यांसाठी वेगळी कुंपणबंद बाग आहे. आपल्याकडे सगळी ओपन स्पेस सध्या त्यांचीच आहे, त्यामुळे त्यांचा वेगळा पक्ष करायची गरज नाही.

सगळंच कौतुक सांगत नाही. शहराच्या दक्षिणेला ओक क्लिफ नावाचा भाग आहे. तिथे 1950 च्या दशकात हमरस्ता काढताना काळ्या लोकांची वस्ती मधोमध चिरली गेली. शेजारी शेजाऱ्याला पारखा झाला. आता तिथेही, प्राणिसंग्रहालयाजवळ, रस्त्यावर झाकण घालून हॅलपेरिन पार्क करायला घेतली. वस्ती तोडायला एक पिढी पुरली, जोडायला तिसरी पिढी आणि पुन्हा कोट्यवधी डॉलर लागतायत. उत्तरेकडच्या श्रीमंत भागाला झाकण आधी मिळालं, हेही इथले लोक बोलून दाखवतात.

आता आईंसाठी पोळ्याची बातमी. डाउनटाउनमध्ये पायोनिअर प्लाझा आहे. तिथे ब्राँझचे 49 बैल आणि 3 घोडेस्वार उभे केलेत, एकोणिसाव्या शतकात इथून जनावरांचे तांडे हाकून नेत त्याची आठवण म्हणून. लाँगहॉर्न जातीचे बैल, शिंगं अशी की आपल्या गोठ्याच्या दारातून आडवीच आत न्यावी लागतील. गेल्या पोळ्याला तुमच्या चिरंजीवांनी हट्ट धरला की पोरांना पोळा दाखवायचा. मी पुरणपोळीचा डबा, हळद-कुंकू आणि निरांजन घेऊन निघाले. आमच्या गृहस्थांनी बैलाच्या खांद्याला लोणी लावायला हात पुढे केला आणि किंचाळले. ब्राँझ दुपारभर तापलं होतं. लोणी मात्र तूप होऊन ओघळलं. मग मी लांबूनच ओवाळलं.

तेवढ्यात समोरून नारिंगी टोपी घातलेला एक गृहस्थ आला. आम्ही बैलाला कुंकू लावतोय हे पाहून त्याचा चेहरा उजळला. त्याने तर्जनी आणि करंगळी उभी करून शिंगांची खूण केली आणि मोठ्यांदा आरोळी ठोकली. लाँगहॉर्न हे इथल्या टेक्सास विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचं चिन्ह आहे, आणि आम्ही त्या संघाचे कट्टर भक्त आहोत असं त्याला वाटलं. तुमच्या चिरंजीवांनी त्याला नमस्कार केला, मी पुरणपोळी दिली. खाऊन झाल्यावर त्याने विचारलं, ‘हे तुम्ही प्रत्येक सामन्याच्या आधी करता का?’ थोरलीने सांगितलं, ‘नाही, वर्षातून एकदाच, पण बैल दरवर्षी जिंकतो.’

बाबा, पत्र लांबलं. मीटिंगमध्ये कोणाला वेळ नसेल तर एवढंच वाचा: सावली आधी, बांधकाम शेवटी, आणि नाव त्याचं ज्याच्या हातात झाडू. आईंना सांगा, गुडघ्याला तेल लावत जा आणि मंदिराच्या पायऱ्या एकट्याने चढू नका. पोरं आठवण काढतात.

तुमची सून

ता. क. तुमचे चिरंजीव म्हणतात, पार बांधायचा खर्च ते देतील, पण त्यावर धाकट्याचं नाव पाहिजे. मी तुमच्या वतीने होकार दिला आहे आणि अट समजावून सांगितली आहे. धाकटा अजून झाडूपेक्षा बुटका आहे, त्यामुळे तो मोठा होईपर्यंत त्याच्या वाटचा झाडू त्याचे बाबा दर दिवाळीला येऊन मारतील. विमानाचं तिकीट देणगीतून कापून घेऊ नये, हा ठरावही त्याच मीटिंगमध्ये करून टाका.